कागदाचा कुत्रा आणि तान्ह्या पोळ्याचा बैल: अंगणवाडीतील पहिल्या घडीविषयी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या अंगणवाडीत ३ ते ६ वर्षे वयाची २२ मुले येतात. पावसाळ्याचे निमित्त साधून तुम्ही त्यांना कागदाची होडी शिकवायला घेतली, तासाभराने चटईवर चुरगळलेल्या कागदांचा ढीग जमला आणि अखेर बावीसच्या बावीस होड्या तुम्हाला आणि मदतनीसताईंनाच कराव्या लागल्या. तेव्हा एवढ्या लहान मुलांना स्वतःच्या हाताने जमेल अशी घडीकामाची सोपी वस्तू कोणती, ती शिकवावी कशी, आणि रंगीत कागदासाठी पैसे नसताना कागद आणावा कोठून, हे तुम्हाला हवे आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात ३१ वर्षे बालवाडी चालवली. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मीही होडीच शिकवायला घेतली होती आणि माझ्या चटईवरही असाच ढीग जमला होता, त्यामुळे तुमचा वैताग मला पुरता कळतो.

होडी फसली यात मुलांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. होडीची प्रत्येक घडी आधीच्या घडीवर उभी असते. कागद अर्धा दुमडताना मुलाच्या हातून बोटभर फरक पडला, तर वरचे दोन कोपरे मध्यावर जुळत नाहीत. ते जुळले नाहीत की खालच्या पट्ट्या वाकड्या चढतात. आणि टोपीचे पोट उघडून तिचा चौकोन करण्याच्या वेळी तर सगळेच निसटते, कारण तिथे कागद दुमडायचा नसून उघडून फिरवायचा असतो आणि तसे दोनदा करायचे असते. म्हणजे पहिली चूक शेवटपर्यंत व्याजासह वाढत जाते. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे सावरता येते, चार वर्षांच्या मुलाला येत नाही. म्हणून लहान मुलांसाठी घडीची वस्तू निवडताना ती किती सुंदर दिसते याआधी मी हे पाहते की, तिच्यातली एक घडी बिघडली तर पुढची बिघडते का. ज्या वस्तूतल्या घड्या एकमेकींवर फारशा अवलंबून नसतात, ती वस्तू मुलाच्या हाताची.

या कसोटीला उतरणारी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे कुत्र्याचे तोंड. चौकोनाचा त्रिकोण, दोन कान आणि एक नाक, एवढ्यात काम संपते. डावा कान लांब आणि उजवा आखूड झाला तरी तो कुत्राच राहतो. गावात तसे कुत्रे हवे तेवढे असतात. नाक एका बाजूला गेले तर कुत्रा वास घेत आहे असे मुले स्वतःच ठरवतात. याच त्रिकोणापासून पुढे पोळ्याचा बैल होतो, त्याविषयी खाली लिहिते. आधी पहिल्या घडीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण खरा अभ्यास तिथेच आहे.

बहुतेक ठिकाणी घडीकामाची सुरुवात कागद वहीसारखा मधोमध दुमडण्यापासून करतात. मला तो क्रम पटत नाही. वहीसारखी घडी घालताना मुलाला एकाच वेळी दोन कोपरे दोन कोपऱ्यांशी जुळवावे लागतात. एक जुळवायला जावे तर दुसरा सुटतो. चौकोनाची तिरपी घडी घालताना मात्र एकच कोपरा समोरच्या एकाच कोपऱ्यावर न्यायचा असतो. नजर एका ठिकाणी, बोट एका ठिकाणी. तीन वर्षांच्या मुलालाही हे समजते, मग हात लगेच ऐकला नाही तरी चालते.

चौकोन मुलाच्या पुढ्यात सरळ ठेवू नका, तर बर्फीच्या वडीसारखा ठेवा, म्हणजे एक कोपरा त्याच्या पोटाकडे आणि त्याच्या समोरचा कोपरा दूर असेल. पोटाकडच्या कोपऱ्यावर चिमणीची छोटी खूण काढा आणि दूरच्या कोपऱ्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. "चिऊ दाणा खायला चालली" एवढेच म्हणायचे. मूल जवळचा कोपरा चिमटीत धरून स्वतःपासून दूर नेते, आणि कागद अंगापासून लांब दुमडला जात असल्यामुळे जिथे पोहोचायचे ते ठिकाण त्याला सतत दिसत राहते. उलट, दूरचा कोपरा स्वतःकडे ओढायला सांगितला तर मुलाचा हातच ठिपका झाकतो. ही क्षुल्लक वाटणारी बाब मला समजायला पाच-सहा वर्षे लागली.

चिऊ दाण्यापाशी पोहोचली की मुले घाई करतात आणि हात सोडतात; कागद लगेच उसळून उघडतो. त्या क्षणी एका हाताचे बोट दाण्यावर दाबून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने घडी पक्की करायची, हे दोन हातांनी दोन वेगळी कामे करणे या वयाला अवघड असते. सुरुवातीला दाण्यावरचे बोट तुमचे असू द्या आणि घडी दाबणारा हात मुलाचा. आठ-दहा दिवसांत तुमचे बोट काढून घ्या. घडी दाबताना बहुतेक मुले एका टोकापासून सुरू करतात आणि कागद सरकत जाऊन दुसऱ्या टोकाला सुरकुती पडते. त्यांना घडीच्या मध्यावर तळहात ठेवायला सांगावे आणि तिथून एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे घासायला लावावे. आमच्याकडे याला "कागदाले इस्त्री करणे" असे नाव मुलांनीच पाडले होते. तळहाताने इस्त्री झाली की शेवटी अंगठ्याच्या नखाने एक रेघ. नखाची रेघ मारताना चार वर्षांच्या मुलाची जीभ ओठाच्या कोपऱ्यात येते आणि श्वास क्षणभर थांबतो. ते दिसले की समजावे, मूल पूर्णपणे त्या कागदात उतरलेले आहे, आणि तेव्हा आपण तोंडातून एक शब्दही काढू नये.

घडी ही गोष्ट आपल्या मुलांना नवीन नसते, हे आपण विसरतो. आईची घडीची पोळी त्यांनी रोज पाहिलेली असते. आजोबांचा दुपट्टा आणि दुपारच्या झोपेनंतर चादर घडी होऊन उचलली जाताना त्यांनी पाहिलेली असते. म्हणून कागदाला हात लावण्याआधीचे तीन-चार दिवस मी रुमालांवर घालवते. प्रत्येकाने घरून एक चौकोनी रुमाल आणायचा, त्याची चिऊ दाण्यापाशी न्यायची आणि पुन्हा उघडायची. कापडाला कायमची रेघ पडत नाही, त्यामुळे चूक दिसत नाही आणि भीतीही वाटत नाही. पोळी लाटणाऱ्या बाईच्या घरातली मुले या कामात पुढे असतात, असे माझे निरीक्षण आहे. त्यांना आईने कधीतरी उरलेल्या कणकेची घडी घालू दिलेली असते.

आता कुत्रा. त्रिकोण तयार झाला की त्याची लांब कड मुलापासून दूर आणि टोक पोटाकडे येईल असा तो फिरवून घ्यायचा. हे फिरवणे सुरुवातीला तुम्हीच करा. बरीच मुले त्रिकोण फिरवण्याऐवजी स्वतःच उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात, तेही चालेल. लांब कडेची दोन्ही टोके एकेक करून खाली वळवायची, ते कान झाले. कान किती वळवायचे याची खूण मी करत नाही. शेवटी पोटाकडचे टोक थोडेसे वर दुमडायचे, ते नाक. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दोन्ही पदर एकत्र दुमडावेत. पाच वर्षांपुढच्या मुलांना टोकाशी दोन पदर सुटे आहेत हे स्वतः शोधू द्यावे. त्यांनी वरचा पदर वर आणि खालचा पदर मागे दुमडला की कुत्र्याचे तोंड उघडते. हा शोध कोणी सांगितल्याशिवाय लागला, तर त्या मुलाकडून तो सगळ्या वर्गात किती वेगाने पसरतो, ते पाहण्यासारखे असते. डोळे आणि नाकाची काळी टिकली मेणखडूने काढायची.

डोळ्यांवरून एक कळकळीची सूचना. आपल्याकडे रानात गुंजेचे वेल असतात आणि लाल-काळी गुंज डोळ्यासारखीच दिसते, त्यामुळे ती चिकटवण्याचा मोह अनेकींना होतो. गुंजेच्या बीमधील द्रव्य अत्यंत विषारी असते. बी फुटून किंवा चावून पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. गुंज अंगणवाडीत आणूच नये. तुरीचे दाणे आणि चिंचोके विषारी नसले तरी या वयाची मुले ते नाकाकानात घालतात, म्हणून तेही टाळावेत. चिकटवण्याची गरज पडली तर कणकेची खळ घरी शिजवावी. मात्र खळीला कीड लागू नये म्हणून जुने लोक तिच्यात मोरचूद टाकतात, ते मुलांच्या खळीत कधीही टाकू नये. ताजी खळ दोन दिवस टिकते आणि तेवढी पुरे होते. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना तर नकोतच.

कागदाच्या बाबतीत तुमची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. रंगीत घोटीव कागद एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असतो, त्यामुळे "रंग बाहेर" असे सांगता येते, एवढाच त्याचा खरा फायदा. पण त्याच्यावाचून काहीही अडत नाही. ग्रामपंचायतीत आणि शाळेत एका बाजूने छापलेले ए-चार आकाराचे कागद रद्दीत निघतात. हा कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. त्याची आखूड कड लांब कडेवर तिरपी दुमडून आणली आणि उरलेली पट्टी कापून काढली की २१ सेंटिमीटरचा नेमका चौकोन मिळतो, आणि लहान हातांना हेच माप सोयीचे पडते; बाजारातल्या घडीकामाच्या कागदाचा सुमारे १५ सेंटिमीटरचा चौकोन तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांना अपुरा पडतो. उरलेली जवळपास ९ सेंटिमीटर रुंदीची पट्टी टाकून देऊ नका. तिच्या चुण्या घालून पंखा होतो. एक काळजी मात्र घ्या. कार्यालयातल्या रद्दीत कधी कधी लाभार्थ्यांच्या याद्या आणि आधार क्रमांक असतात. असा कागद मुलाच्या हातून घरोघरी जाणे योग्य नाही, म्हणून रद्दी आणल्यावर ती आधी स्वतः चाळून घ्यावी.

चौकोन कापण्याचे काम मुलांवर टाकू नये आणि ते घाईतही करू नये. चौकोन जरा जरी लांबट राहिला, तर चिऊ दाण्यावर गेली तरी कडा जुळत नाहीत, आणि मुलाला वाटते की आपलेच चुकले. मी आदल्या दिवशी चौकोन कापून, प्रत्येक चौकोन एकदा तिरपा दुमडून तपासून ठेवते.

वर्तमानपत्राचा कागद मी दोनच कामांसाठी वापरते. एक म्हणजे मी स्वतः करून दाखवताना. त्याचा मोठा चौकोन मागच्या मुलालाही दिसतो. दुसरे म्हणजे सगळ्यात लहान मुलांना फाडण्यासाठी. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, कारण कागदाचे तंतू यंत्रावर एकाच दिशेने बसलेले असतात. तीन वर्षांची मुले हे दहा मिनिटांत ओळखतात आणि मग सरळ पट्ट्यांचा पाऊस पडतो. ज्यांना अजून चिमटीत कोपरा धरता येत नाही, त्यांच्यासाठी हे फाडणे आणि चुरगळून गोळे करणे हेच घडीकामाचे पहिले पाऊल आहे. त्यांना कुत्र्यासाठी घाई करू नका. तयार झालेल्या वस्तूत मुले खाऊ घेतात, म्हणून एवढे लक्षात ठेवा की, छपाईच्या शाईमुळे वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत अशी सूचना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिलेली आहे. मोठ्या मुलांना पुढे कागदाचा पेला शिकवलात, तर त्यात फुटाणे द्यायचे असल्यास तो कोऱ्या कागदाचा असावा. फुटाण्यांसाठी आपला पळसाच्या पानाचा द्रोण केव्हाही चांगला.

आपल्या भागात कागदाला ऋतू असतो, हे बाहेरून लिहिलेल्या पुस्तिकांत सापडत नाही. पावसाळ्यात कागद सादळतो आणि सादळलेल्या कागदाला घडी धरत नाही. तुमच्या होड्या फसण्यात त्याचाही थोडा वाटा असणार. जुलै ते सप्टेंबरमध्ये मी चौकोन पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवते आणि तासाच्या वेळीच काढते. उन्हाळ्यात उलट अडचण येते: कूलर किंवा पंखा सुरू केला की बावीस चौकोन खोलीभर उडतात आणि बंद ठेवला की घामेजल्या हातांना कागद चिकटतो. म्हणून मार्चनंतर घडीकाम सकाळी पहिल्या अर्ध्या तासातच आटोपावे.

बसण्याचीही व्यवस्था लागते. चटईवर किंवा सारवलेल्या जमिनीवर ठेवलेल्या कागदाला नखाची रेघ धड उमटत नाही, कारण खालचा पृष्ठभाग मऊ किंवा खडबडीत असतो. प्रत्येक मुलापुढे पाटी उलटी ठेवून तिच्यावर कागद ठेवला की हा प्रश्न सुटतो. पाटीची चौकट कागद सरकूही देत नाही. पाट्या कमी असतील तर जुन्या वहीचे जाड पुठ्ठे चालतात. बावीस मुलांना एकदम बसवू नका. सहा मुलांचा एक गट घ्या, बाकीची मदतनीसताईंबरोबर गाणी म्हणोत किंवा अंगणात खेळोत. एका गटाला बारा-पंधरा मिनिटे पुरतात. दाखवताना मुलांच्या समोर बसू नका, कारण समोरून सगळे आरशासारखे उलटे दिसते. मुलांच्या रांगेत, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसा. डावखुरी मुले गटाच्या डाव्या टोकाला बसवली तर हातांची कोपरे एकमेकांना लागत नाहीत.

शब्द कमी ठेवा. कोपरा, कड, टोक, घडी, वर, खाली, मध्ये, मागे. एका वस्तूला एवढे पुरतात. आपली बरीच मुले घरी कोपऱ्याला "कोंटा" म्हणतात. तो शब्द दुरुस्त करत बसू नये. आधी "कोंटा" म्हणूनच सांगावे आणि आपण बोलताना सोबत "कोपरा" म्हणत राहावे, चार दिवसांत दोन्ही शब्द त्यांचे होतात. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातील मुलांच्या बाबतीत मी आधी त्या मुलालाच विचारते की, याला तुमच्याकडे काय म्हणतात.

आता सर्वांत अवघड भाग, आणि तो मुलांचा नसून आपला आहे. मुलाच्या हातातला वाकडा कागद घेऊन पटकन सरळ करून देण्याची आपल्या हातांना सवय असते. एके वर्षी आमच्या बालवाडीला भेट द्यायला काही पाहुणे येणार होते. मुलांच्या कुत्र्यांची तोंडे भिंतीवर चांगली दिसणार नाहीत असे मला वाटले, म्हणून आदल्या रात्री मी आणि मदतनीसबाईंनी कंदिलाच्या उजेडात तीस कुत्रे नीटनेटके करून दोरीवर टांगले. पाहुण्यांनी कौतुक केले. ते गेल्यावर चार वर्षांचा एक मुलगा दोरीखाली मान वर करून बराच वेळ उभा राहिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, यातला माहा कोणता हाय?" मी उत्तर देऊ शकले नाही. त्याचा खरा कुत्रा, एक कान जवळजवळ नसलेला, माझ्या टोपलीत चुरगळून पडलेला होता. तेव्हापासून मी एक शिस्त पाळली आहे: मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही, दाखवायचेच असेल तर शेजारी स्वतःचा वेगळा कागद घेऊन त्यावर दाखवायचे. मुलाने "जमत नाही" म्हटले तर माझ्या कागदावर तीच घडी पुन्हा हळू घालायची आणि थांबायचे. पहिल्या दिवशी सहापैकी दोघांनाच जमेल. उरलेल्या चौघांचे त्रिकोण वाकडे झाले तरी त्यांच्यावर डोळे काढले की तेही कुत्रेच होतात.

पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी पाच वर्षांपुढच्या मुलांना बैल शिकवावा. त्रिकोण तोच, फक्त या वेळी लांब कड पोटाकडे आणि टोक दूर. दूरचे टोक खाली आणून लांब कडेच्या मध्याला टेकवायचे. आता वरची कड आडवी सपाट होते. मग उजवे टोक तिरके वर वळवायचे, इतके की त्याचा शेंडा सपाट कडेच्या वर डोकावेल. डाव्या टोकाचेही तसेच. कागद उलटा केला की रुंद सपाट मुसकट आणि वर दोन शिंगे असलेला बैल समोर येतो. शिंगे फार लांब होत नाहीत, याची मुलांना खंत वाटते. आमच्याकडे त्यावर उत्तर तयार असते, कारण वर्धा भागातल्या गवळाऊ बैलाची शिंगे मुळातच आखूड असतात आणि रंगही पांढरा, तेव्हा रद्दीतला पांढरा कागदच त्याला शोभतो. शिंगांना मेणखडूचा रंग किंवा बेगडाचा तुकडा, कपाळावर बाशिंग, एवढा साज पुरे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला गावात लाकडी नंदी घेऊन मुले बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे किंवा खाऊ, मागायला निघतात. ज्यांच्या घरी लाकडी नंदी नाही, अशी मुले कागदाचा बैल तुराटीला बांधून त्यांच्या सोबत निघालेली मी पाहिली आहेत, आणि त्यांनाही बोजारा मिळाला.

या कामाला "नुसता खेळ" म्हणणारे पालक भेटतील, पर्यवेक्षकही भेटतील. त्यांच्यासाठी थोडी माहिती जवळ असावी. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची जी संस्था सुरू केली आणि जिला पुढे १८४० मध्ये किंडरगार्टन हे नाव दिले, तिच्या पद्धतीत कागदाच्या घड्यांना ठरलेले स्थान होते. घडीकाम म्हटले की लोक जपानकडे बोट दाखवतात आणि ते बरोबरही आहे, पण टोकियोत १८७६ मध्ये जपानची पहिली बालवाडी निघाली तीही फ्रोबेलच्या पद्धतीवर, त्यामुळे तिथे दोन परंपरा एकमेकींत मिसळल्या. मद्रासकडच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे जे इंग्रजी पुस्तक काढले, त्याची कल्पना त्यांना बालवाडीतल्या घडीकामावरूनच सुचली होती. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जी बालशिक्षणाची वाट पाडली, तीत परिसरात फुकट मिळणाऱ्या साधनांवर भर होता. पालकांना मात्र मी इतिहास सांगत नाही. मी त्यांना दोन मुलांचे त्रिकोण शेजारी ठेवून दाखवते, त्यांचा चौकोन होतो. आणि मुलाची घडी दाबणारी चिमट पुढे पेन्सिल धरणारी चिमट कशी होते, ते त्याच्या बोटांकडे बोट करून सांगते. शेतात कापूस वेचणाऱ्या आईला चिमटीचे मोल वेगळे समजवावे लागत नाही.

किती दिवसांत जमेल, असेही तुम्ही विचारले आहे. आठवड्यातून दोनदा घडीकाम ठेवले तर तीन ते चार आठवड्यांत चार वर्षांपुढची बहुतेक मुले मदतीशिवाय कुत्रा करतात, असा माझा अनुभव आहे. तीन वर्षांची मुले वर्षअखेरीपर्यंत त्रिकोणापर्यंत आली तरी पुष्कळ झाले. प्रत्येक मुलाचा अगदी पहिला कागद, तो कितीही वाकडा असो, मागे नाव आणि तारीख लिहून पुठ्ठ्याच्या पेटीत जपून ठेवा आणि बाकीचे सगळे त्याच दिवशी घरी जाऊ द्या. दिवाळीच्या सुट्टीआधी पहिला आणि ताजा कागद दोन्ही मुलाच्या हातात द्या. होडीची इच्छा मनात राहिली असेल, तर पुढच्या पावसाळ्यात, जी मुले तोवर सहा वर्षांची होतील, त्यांच्यापैकी चौघांना घेऊन बसा. पेटी तेवढी कोरडी ठेवा.